वाक्यात उपयोग करा

मास्टरनी काकूंना शिसारी यायची. कशाचीही यायची, आणि आली की साऱ्या गल्लीला कळायची. नाक वर, ओठ खाली, पदर तोंडाशी आणि मग एक लांबलचक "शीऽऽ". दुधाच्या पातेल्यावर माशी बसली तरी शी, वरातीतला बँड बेसूर वाजला तरी शी, आणि कुणी अर्थ माहीत नसलेला शब्द तोंडावर फेकला तर सगळ्यात मोठी शी. मी काशीत आले त्या पहिल्याच दिवशी माझ्या ट्रंकेला तिचा मान मिळाला होता. मी ती ट्रंक सरळ त्यांच्या उंबऱ्यावर टेकवली होती ना! "रेल्वेच्या डब्यात कुठे कुठे ठेवली असशील. शी! उचल ती आधी." मी रेल्वेचीच नोकर, साताऱ्याहून बदली होऊन आलेली, भाड्याची खोली शोधत फिरणारी. मनात म्हटलं, ह्या बाईकडे चार दिवस काढणंही अवघड आहे. राहिले मात्र शेवटपर्यंत. माझ्या नाही, त्यांच्या.

त्यांचं घर मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत. खाली त्या एकट्या, वर मी. एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं, म्हणून गल्ली त्यांना मास्टरनीजी म्हणायची. आसपासच्या मराठी घरांनी त्याला काकू जोडलं. घराण्याच्या कितीतरी पिढ्या काशीत गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत नाली, बिजली, बदबू, ठेकेदार सगळं सुखाने नांदत होतं. मी एकदा आगाऊपणाने म्हटलं, "काकू, नाली नाही, गटार." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "गटार म्हटलं की वास कमी येतो का ग?" त्यानंतर मी त्यांचं मराठी सुधारण्याचा नाद सोडला.

त्यांची खरी सवय मात्र दुसरीच होती. कुणी नवा शब्द वापरला, की त्या हातातलं काम ठेवायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा." माणूस मराठी नसला तर हिंदीत, पण सुटका कुणाचीच नाही. एकदा भाजीवाला म्हणाला, मास्टरनीजी, ये पालक ऑर्गेनिक है. झालं! "अर्थ बताओ. अब वाक्य में प्रयोग करो." भाजीवाला पक्का बनारसी. पान गालात सरकवून म्हणाला, "पालक ऑर्गेनिक है, इसीलिए महँगा है." काकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो पालक घेतला. मला म्हणाल्या, "बघ, ह्याला अर्थ येत नाही, पण उपयोग बरोबर येतो. पुष्कळ शब्दांचं तसंच असतं. अर्थ नसतोच, उपयोग असतो."

आणि सोवळं! बाई गं, ते सोवळं. रोज सकाळी पंचगंगा घाटावर बुडी मारायची, ओलेत्याने तांब्या भरून घ्यायचा आणि पायऱ्या चढून तशाच घरी यायचं. ते पाणी देवाला. वाटेत कुणाचा स्पर्श झाला तर पुन्हा खाली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून हा नेम चुकला नव्हता. त्या येताना दिसल्या की दुधवाला सायकल भिंतीला चिकटवायचा आणि दारातली म्हैससुद्धा, मला शपथेवर वाटायचं, पोट आत घ्यायची. मला ह्या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. त्यातून त्यांनी बनवारीसाठी वेगळा पेला ठेवला होता. बनवारी म्हणजे आमच्या गल्लीची नाली उपसायला येणारा. बांबूची चीप, म्हणजे चिरलेली लांबलचक लवचिक पट्टी, घेऊन यायचा, दाराजवळचं झाकण उघडायचा, खुपसून खुपसून तुंबलेलं मोकळं करायचा आणि मग खिडकीच्या कठड्यावरच्या त्या स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा. काकू वरून धार धरायच्या. पेला विसळायचा त्यानेच.

एक दिवस माझ्याने राहवलं नाही. "काकू, जन्मभर विज्ञान शिकवलंत ना हो तुम्ही?"

त्या चहाचं भांडं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिकवलं ग. शिकले कुठे मी?"

भांडायला गेलेल्या माणसाला आधीच कबुलीजबाब मिळाला की त्याची फार पंचाईत होते. पेला तिथेच राहिला.

म्हणूनच, ज्या दिवशी गल्लीत ती पेटी आली, त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद काकूंना झाला होता, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, जुनी खोडं, नव्याला नाकं मुरडणार. तसं नव्हतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण इंजिनियर शिडी घेऊन आला. कुठल्याशी ठेकेदार कंपनीचा. समोरच्या भिंतीत पूर्वी पणती लावायचा एक कोनाडा होता, इथले लोक त्याला ताखा म्हणतात. तो रिकामाच होता. त्याने त्यात एक करडी पेटी बसवली आणि तिची वायर भिंतीवरून खाली नालीच्या झाकणाखाली सोडली. पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. वर लिहिलं होतं, "उभरती तकनीक. कृपया न छुएँ."

काकूंनी त्याला बसायला स्टूल दिलं. त्याने सांगितलं, आता नाली भरली की ही पेटी आपणहून ऑफिसला कळवणार, मग मशीनची गाडी येणार, माणसाला घाणीत हात घालायची गरजच उरणार नाही. काकूंचे डोळे चमकले. "माणसाचा हात त्यात जाणार नसेल, तर मी गल्लीभर पेढे वाटीन," असं त्या त्याला हिंदीत म्हणाल्या, आणि मला मराठीत, "बरं झालं ग, त्या पेल्याचाही प्रश्न सुटला." मग चष्मा वर गेला. मी मनात म्हटलं, आला, बिचाऱ्याचा नंबर आला.

"ये उभरती तकनीक. अर्थ बताइए."

"मतलब माताजी, इमर्जिंग टेक्नॉलॉजी."

"वो तो अंग्रेज़ी हुई. अर्थ?"

"जो अभी आ रही है. भविष्य की."

"अच्छा. तो जो आ रही है, वो आई नहीं है?"

"आई है माताजी, ये देखिए न, लगा तो दी. पर अभी पायलट प्रोजेक्ट में है."

"और मशीन की गाड़ी?"

"गाड़ी अगले चरण में."

काकूंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "वाक्य में प्रयोग करके लाइएगा. अगली बार." त्याने हसून मान डोलावली. ह्या अशा हसण्याचा मला भारी तिटकारा आहे. म्हाताऱ्या बाईला "हो हो" म्हणून शिडी उचलायची आणि चालू लागायचं.

बनवारी दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. आपल्या मनाने नव्हे, त्याला काढला. नवी व्यवस्था आली म्हटल्यावर जुनी कशाला? पावसाळ्यात गंगा चढली, उतरली, गाळ मागे ठेवून गेली, आणि भाद्रपद संपता संपता आमच्या दारातलं झाकण खदखदायला लागलं. आधी नुसती ओल. मग काळं पाणी. मग ते, ज्याचं वर्णन मी करणार नाही, कारण तुम्ही जेवून बसला असाल. उंबऱ्याशी तवंग, फरशीवर बुळबुळीत थर आणि वास असा, की वरच्या मजल्यावर खिडकी लावून पोळी खाल्ली तरी घासाबरोबर तोच आत जायचा. आणि समोर ताख्यात तो हिरवा दिवा, मजेत, लुकलुक लुकलुक.

मी ऑफिसला फोन केला. मुलगी गोड बोलली. म्हणाली, आपके यहाँ का लेवल नॉर्मल दिखा रहा है. मी म्हटलं, दिखा रहा होगा, पण माझ्या चपला बुडतायत. म्हणाली, फोटो अपलोड कीजिए. फोटो अपलोड केला. संध्याकाळी निरोप आला, आपली तक्रार दूर करण्यात आली आहे, कृपया समाधान नोंदवा. समाधान! मी सरकारी नोकरीत आहे, कागदावरची कामं मीही पाहिली आहेत, पण घाणीत उभ्या माणसाकडे समाधान मागणारी ही जात निराळी. मी स्वतः जाऊन आले. टेबलामागचा माणूस भला होता. हताशपणे म्हणाला, "मैडम, पुरानी व्यवस्था बंद है, नई उभर रही है. बीच में हम क्या करें?"

घरी येऊन काकूंना हे सांगितलं. त्या पाटावर बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "सापडला बघ अर्थ. उभरती तकनीक म्हणजे जी आलेली नसते, पण तिच्या नावाने असलेलं काढून नेता येतं." आणि वातीला पीळ देत पुढे म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा तो पालकवाला प्रामाणिक."

पण अर्थ सापडून नाली थोडीच वाहते? काकूंची रोजची परवड सुरू झाली. पहाटे दारातून पाय बाहेर टाकला की पाय त्या पाण्यात. ते एक वेळ चालायचं, कारण पुढे स्नान होतं. खरी पंचाईत परतताना. गंगेत न्हायलेल्या पायांनी, हातात देवाचं पाणी घेऊन त्याच घाणीतून आत यायचं! पहिल्या दिवशी त्या दारासमोर आल्या, उभ्या राहिल्या, तोंड वळवलं आणि पायरी न चढता पुन्हा घाटावर गेल्या. परत आल्या तर पाणी तिथेच होतं, ते कुठे जाणार होतं? मग आम्ही विटा टाकल्या. विटांवरून तोल सांभाळत त्या यायच्या, एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने भिंत. भिंतीला शेवाळ. मी रोज ओरडायचे. "अहो काकू, नळाचं पाणी काय वाईट आहे? घरात नाहा की थोडे दिवस!"

"नेम आहे ग माझा."

"नेमाला पाय मोडायचाय का?"

"घाण त्यांनी करायची आणि नेम मी मोडायचा? वा ग वा!" ह्या वाक्यापुढे माझा सातारी आवाज चालायचा नाही.

आता काशीचा स्वभाव ऐका. इथे कोनाड्यात काही ठेवलं आणि ते दिवसभर तिथे राहिलं, की संध्याकाळी त्याला फूल मिळतं. समोरच्या घरात नवी सून आली होती, तिने एका सकाळी मंदिरातून येताना पेटीला शेंदराचा टिळा लावला. ताख्यात दिवा जळतोय, पाटी सांगतेय शिवू नका, मग दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ. आठवड्याभरात अगरबत्तीचं घर, लाल चुनरी, आणि एका कागदी द्रोणात बत्तासे. गल्लीतल्या बायका येताजाता हात जोडायला लागल्या. जुनी माळ काढायची ती खाली टाकायची, बरोबर झाकणाच्या फटीत. मी कपाळावर हात मारून घेतला. काकूंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा ह्यांना, ही पेटी आहे म्हणून, तुमचं ऐकतील.

काकू खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "काय चुकलं त्यांचं? ऐकत नाही, बोलत नाही, काही करत नाही, आणि शिवायचं नाही. आपण अशालाच हात जोडत आलो." मग स्वतःच जीभ चावली, देवघराकडे बघून कानाला हात लावला आणि माझ्यावरच डाफरल्या, "काय काय बोलायला लावतेस मला!"

कोजागिरी झाली. कार्तिकस्नान सुरू झालं. पंचगंगेवर बांबूच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढले. कार्तिकात काकू उजाडायच्या आधीच निघायच्या आणि तांबडं फुटताना परत यायच्या. त्या दिवशी मी वर चहा टाकत होते. तांब्या पडल्याचा आवाज आला. गल्लीत फरशीवर तांब्या पडला की तो बराच वेळ घरंगळत राहतो. मी पायऱ्या दोन दोन उतरले.

काकू दारासमोर पडल्या होत्या. विटांच्या बाजूला, पूर्ण त्या पाण्यात. एक पाय विचित्र वळलेला. ओलं सोवळं काळं झालेलं, केसांत, गालावर, सगळीकडे ते. डोळे मिटले होते. मला वाटलं शुद्ध गेली. मी हाका मारल्या, शेजारी धावले, कुणी म्हणालं ऑटो आणा, कुणी म्हणालं पाणी पाजा. काकूंनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडून त्या दिवशी शी निघाली नाही. ओठ घट्ट मिटलेले होते, कारण ओठांवरही ते होतं. मी माझ्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी धू मला. मग ने."

"काकू, हाड मोडलंय, आधी डॉक्टर..."

"विभा, पाया पडते. अशी नको नेऊस."

जन्मात कुणाच्या पाया पडायची भाषा न केलेली बाई! लोक म्हणाले, वेळ घालवू नका. मी कुणाचं ऐकलं नाही. दारात सतरंजी टाकून चौघांनी त्यांना उचलून घेतलं, मी बादल्या आणल्या, नळाच्याच, आणि त्यांना धुतलं. केस, कान, नखांच्या कडा. त्या वेदनेने पिळवटत होत्या आणि तरी हात पुढे करत होत्या, इथे राहिलं ग, इथे. ज्यांचा पदर मला चुकून लागला तर पुन्हा बुडी मारायच्या, त्या काकू माझ्या मांडीवर डोकं टेकून पडल्या होत्या. समोर हिरवा दिवा चालू होता. मला ती पेटी दगडाने फोडावीशी वाटली. अजून वाटते.

खुब्याचं हाड होतं. शस्त्रक्रिया झाली, ती चांगलीही झाली. पण मग ताप आला, छाती भरली. दवाखान्यात मी रजा टाकून बसले होते. एकदा त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरवानिरव असेल. त्या म्हणाल्या, "तो मुलगा आला होता का? वाक्य आणणार होता." मी म्हटलं, नाही आला. "येईल," म्हणाल्या. "उभरतोय." आणि हसल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी त्या गेल्या. कार्तिक अर्धाच झाला होता.

बातमी कळल्यावर बनवारी आला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. बांबूची चीप घेऊन आला आणि झाकण उघडून बसला. माळांवर माळा निघाल्या. पेटीच्याच माळा, कुजून काळ्या झालेल्या, वर चुनरीच्या चिंध्या आणि खाली गाळ. चहाला आधण ठेवलं, त्याला उकळी फुटेपर्यंत पाणी गडगडत निघूनही गेलं होतं. इतकंच काम होतं हो! मी चहा गाळला आणि आमच्या नेहमीच्या कपात घालून त्याच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतला. कठड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हमारा वाला दीजिए दीदी. मास्टरनीजी नाराज होंगी." मी त्याच पेल्यात चहा ओतला. तो प्यायला, पेला विसळला, जागेवर ठेवला आणि गेला. मला शिसारी आली. नेमकी कुणाची, ते अजून ठरत नाही.

तेरावा उलटून गेल्यावर तो इंजिनियर उगवला. शिडी घेऊन. पायलट संपला होता, पेटी काढून दुसऱ्या वॉर्डात लावायची होती. त्याने शिडी टेकवली मात्र, समोरची सून धावत बाहेर आली, मागोमाग तिची सासू, मागोमाग निम्मी गल्ली. "अरे, भगवान को कैसे हटाइएगा?" तो समजावू लागला की ही मशीन आहे, सेन्सर आहे, आता बंदही आहे. सासू म्हणाली, बंद असो की चालू, इथे दिवा लागलाय. पोरगा घामाघूम झाला. शेवटी शिडी काढून आमच्या दाराशी आला आणि मला विचारलं, "मास्टरनीजी नहीं हैं? वो समझा देतीं इन लोगों को."

मी म्हटलं, "नहीं हैं."

"कहीं गई हैं?"

"हाँ. आपको वाक्य लाना था."

त्याला आधी आठवेना. मग आठवलं. खरंच सांगते, त्याने खिशातून फोन काढला आणि वाचायला लागला, उभरती तकनीक वह तकनीक है जो विकास की अवस्था में है और जिससे निकट भविष्य में समाज को... मी त्याला थांबवलं. म्हटलं, ये तो अर्थ हुआ. वाक्य में प्रयोग?

"वो तो नहीं बनाया."

"मैं बताती हूँ. हमारी गली में उभरती तकनीक थी, इसलिए मास्टरनीजी नाली में गिरकर मर गईं."

त्याने फोन खिशात टाकला. मग खाली पाहिलं, त्या सुकलेल्या फरशीकडे, जिथे आमच्या विटा अजून पडून होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. निदान वाईट वाटलं म्हणेल. त्याने शिडी खांद्यावर घेतली, दोन पावलं गेला, ताख्यासमोर थांबला आणि शेंदराने माखलेल्या त्या मेलेल्या पेटीला हात लावून तो हात त्याने कपाळाला टेकवला.

माझं नाक वर गेलं, ओठ खाली आले, ओढणी तोंडाशी गेली. आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शी मी केली. समोरची सून दचकून दारात आली आणि आधी माझ्याकडे नाही, काकूंच्या खिडकीकडे बघायला लागली.